कोपऱ्यातल्या एका मोबाईलमुळे अख्ख्या अभ्यासिकेचं वायफाय रडतं. हे शक्य आहे का?

ओसरीवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर आमचा वाडा आहे. वाटणीत आमच्याकडे आलेल्या तळमजल्यावर मी तीन वर्षांपूर्वी अभ्यासिका काढली. ओसरीत १६ जागा, माजघरात १४ आणि आतल्या बाळंतिणीच्या खोलीत ४. (शेवटची बाळंतीण माझी आत्या, पण खोलीचं नाव काही सुटलं नाही.) मुलं बहुतेक एमपीएससीची, काही बँकेच्या परीक्षांची, दोन सीएची.

नेट १०० एमबीपीएसचं, राउटर ओसरीत खांबावर. सकाळी सगळं झकास चालतं. संध्याकाळी सहा वाजले की राउटरच्या अगदी नाकासमोर बसलेल्या पोरांचे व्हिडिओसुद्धा गोल गोल फिरायला लागतात. नेटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दुपारी ओसरीत उभं राहून मोजलं, ९४ आले, माझी सही घेतली आणि गेला.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा साडेपाचला येतो आणि लेक्चरं डाउनलोडला लावतो. तो चार दिवस गावी, निफाडला गेला होता. त्या चारही संध्याकाळी एकही तक्रार नाही. तो परत आला आणि रडारड पुन्हा सुरू. त्याच्या मोबाईलवर वेग मोजला तर जेमतेम ३ एमबीपीएस.

मी कॉमर्सचा माणूस. १०० मधले ३ हा घेतो, तर उरलेले ९७ जातात कुठे? हिशोब जुळत नाही. त्याला अजून काही बोललेलो नाही. ती जागा भिंतीआड आहे, ऊन येत नाही, म्हणून तिथली फी शंभर रुपये कमी ठेवली आहे. तिथे बसणारा कोण असणार ते तुम्हीच समजा.

बिनधास्त_नाशिककर | सोमवार, रात्री १०:५२

३०० चा प्लॅन घ्या, विषय संपला.

तारवाला | सोमवार, रात्री ११:१५

सिडको-अंबड पट्ट्यात १२ वर्षं नेटच्या जोडण्या देतोय. जुन्या वाड्यांत हे नेहमीचंच. दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, सिग्नल आत जाणार कसा? आतल्या खोलीच्या दारात एक रिपीटर लावून टाका. हजार-बाराशेचं काम.

सर्किटबाई | मंगळवार, सकाळी ७:०५

प्लॅन वाढवू नका. रिपीटर तर मुळीच आणू नका, त्याचं कारण पुढे सांगते. आधी तुमचा हिशोब जुळवू.

तुम्ही एमबीपीएस वाटायला बसला आहात, तिथेच गणित चुकतंय. हवेत एमबीपीएस वाटले जात नाहीत, वेळ वाटला जातो. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं.

वाड्यात पूर्वी सगळ्यांत मिळून एकच नळ असायचा ना? नियम असा, की एक हंडा भरायचा आणि रांगेत मागे जायचं. आता समजा नऊ जणींचे हंडे रुंद तोंडाचे आहेत, नळाखाली ठेवला की भरला. दहावीचा हंडा तेवढाच, पण तोंड चंबूसारखं निमुळतं, धार बारीक करूनच भरावा लागतो. रांगेत अन्याय कुठेच नाही, प्रत्येकीला एकेक हंडा. तरीही नळाचा निम्म्याहून जास्त वेळ त्या एकीकडेच. वायफायचा नियम हाच आहे: पाळी सारखी, पाळीचा वेळ सारखा नाही.

आकडे देते. वायफायच्या जुन्या ८०२.११ जी मानकाचं गणित सोपं पडतं म्हणून ते घेते. १५०० बाइटचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, ५४ एमबीपीएसच्या दराने पाठवलं की ते हवेत सुमारे २५० मायक्रोसेकंद असतं. पाठवण्याआधी थांबणं, नंतरची पोच, हे सगळं धरून साधारण ३९५. म्हणजे प्रत्यक्ष वेग ३० च्या आसपास. डब्यावर छापलेला ५४ चा आकडा इथेच अर्धा झाला, तो राग वेगळा. तेच पॅकेट ६ एमबीपीएसने पाठवलं तर सगळं धरून साधारण २२३५ मायक्रोसेकंद.

दोन माणसं ५४ वर असतील तर प्रत्येकी १५ मिळतात. त्यातला एक ६ वर घसरला की दोघांच्या एकेका पॅकेटला मिळून २६३० मायक्रोसेकंद जातात आणि दोघांनाही प्रत्येकी साडेचार मिळतात. हो, दोघांनाही! राउटरसमोर बसलेलासुद्धा साडेचारवर येतो. तुमचे ९७ असे गेले.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या चार संशोधकांनी २००३ मध्ये इन्फोकॉम परिषदेत हे मोजून मांडलं होतं. ८०२.११ बी मधली विसंगती म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे ११ आणि १ एमबीपीएस होते, दुखणं तेच.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ९:३०

सर्किटताई, एवढ्यासाठी पहिल्यांदाच लॉगिन करून लिहितेय. तो मोबाईल स्वतःहून हळू का बोलतो? सिग्नल कमी असेल तर तुटक यावा, मंद का?

सर्किटबाई | मंगळवार, दुपारी १:४०

छान विचारलंत. जेवण उरकून आले.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. पाट ठरलेला, त्याहून मोठा मिळणार नाही, कारण पाट म्हणजे प्रसारणाची शक्ती आणि तिला मर्यादा आहे. त्या पाटावर मी चार ठिपके काढते आणि दर क्षणाला त्यातल्या एकावर बोट ठेवते. लांबून बघून तुम्ही ओळखायचं, कोणता ठिपका. चारांतला एक ओळखला म्हणजे तुम्हाला दोन बिट मिळाले. हे क्यूपीएसके. सोळा ठिपके काढले तर एका बोटात चार बिट, चौसष्टमध्ये सहा, दोनशे छप्पनमध्ये आठ. ही सगळी क्वाम मंडळी.

पण पाट तोच आहे. ठिपके वाढले की दोन ठिपक्यांतलं अंतर घटतं. तुम्ही जवळ आहात, उजेड चांगला आहे, तर २५६ ठिपक्यांतूनही बरोबर ओळखाल. तुम्ही दोन भिंतींपलीकडे आहात, डोळ्यांसमोर धूर आहे, तर शेजारचाच ठिपका सांगाल. मग शहाणा माणूस काय करतो? ठिपके कमी करतो. कमी बोलतो, पण कळेल असं बोलतो. दर घडीला सिग्नल बघून ठिपक्यांची संख्या बदलणं, यालाच अनुकूली मॉड्युलेशन म्हणतात. ते नसतं तर आतल्या खोलीतल्या मुलाला नेट तुटक नाही, मिळालंच नसतं.

जोडीला कोडिंगचा दर असतो. ३/४ म्हणजे चार बिटांतले तीन कामाचे, एक राखणदार. १/२ म्हणजे अर्धे राखणदारच. आता ५४ आणि ६ कुठून आले ते बघा. २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनलमध्ये माहिती वाहणाऱ्या ४८ उपवाहक लहरी. प्रत्येकीवर ६ बिट, त्यांचे ३/४, म्हणजे २१६ बिट दर ४ मायक्रोसेकंदांना. झाले ५४ एमबीपीएस. तळाला बीपीएसके, दोनच ठिपके: लहरीमागे १ बिट, त्याचा अर्धा, म्हणजे २४ बिट. झाले ६. चॅनल तेवढाच, वीज तेवढीच. एकात दर हर्ट्‌झमागे सेकंदाला २.७ बिट, दुसऱ्यात ०.३. स्पेक्ट्रमची कार्यक्षमता म्हणतात ती हीच, नऊपट फरक.

बिनधास्त_नाशिककर | मंगळवार, दुपारी २:०५

मग थेट वायफाय ७ घ्या ना राव. त्यात ४०९६ ठिपके आहेत म्हणे!

सर्किटबाई | मंगळवार, दुपारी २:३०

आहेत. पण दर पायरीला ठिपके चौपट होतात आणि बिट दोनच वाढतात. २५६ वरून १०२४ वर गेलात तर ८ चे १० बिट, फायदा २५ टक्के. आणि ते अंतर सांभाळायला सिग्नल सुमारे ६ डीबी, म्हणजे चौपट चांगला हवा. मानकातच बघा. ८०२.११ ए मध्ये ६ एमबीपीएससाठी ऐकणाऱ्या यंत्राला उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यापुढचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) पुरतात, ५४ साठी उणे ६५ लागतात. ८०२.११ एएक्समध्ये, म्हणजे वायफाय ६ मध्ये, २० मेगाहर्ट्‌झवर १०२४-क्वामचा सगळ्यात वरचा दर हवा तर उणे ५२. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९४८ मध्येच या सगळ्याचं छत बांधून ठेवलंय, कंपन्या त्याच्या खाली पोटमाळे काढतात. ४०९६ ठिपक्यांचा लाभ राउटरच्याच खोलीत बसणाऱ्याला. बाळंतिणीच्या खोलीला त्याचं सोयरसुतक नाही.

ओसरीवाले, तुमच्याकडचे आकडे टाका. प्रत्येक खोलीत मोबाईलवर सिग्नल किती डीबीएम दिसतो, आणि राउटरच्या पानावर प्रत्येक यंत्रासमोर लिंकचा दर किती?

ओसरीवाला | मंगळवार, रात्री ९:२०

ताई, दंडवत. नळाचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्याकडे ती चंबूवाली म्हणजे तुझी मोठी काकू.

आकडे: ओसरीत उणे ४८, माजघरात उणे ६३, आतल्या खोलीत भिंतीपाशी उणे ८०. संध्याकाळी ७ ला राउटरच्या पानावर ओसरीतले बहुतेक मोबाईल ५ गिगाहर्ट्‌झवर, ४३३ वगैरे. माजघरातले काही ५ वर, काही २.४ वर, ६५-७२. तो मुलगा २.४ वर, दर ६.५, मधूनच १३. त्याचा मोबाईल जुना, ५ गिगाहर्ट्‌झ त्याला दिसतच नाही.

म्हणजे ५ वाल्यांचा आणि त्याचा चॅनल वेगळा ना? मग ओसरीतल्यांना त्रास का?

सिग्नल_शोधक | मंगळवार, रात्री ११:५०

एम.ई. करतोय, प्रबंध याच विषयावर आहे, म्हणून राहवलं नाही.

दादा, शंका रास्त आहे. ५ वाल्यांना त्याचा थेट त्रास व्हायला नको. ओसरीतल्या ज्या मुलांच्या तक्रारी येतात त्यांचे मोबाईल कोणत्या बँडवर, म्हणजे २.४ वर की ५ वर, आहेत ते नक्की बघा. बऱ्याच राउटरांत दोन्ही बँडना एकच नाव असतं आणि मोबाईल एकदा २.४ ला चिकटला की समोर बसूनही सोडत नाही.

अजून एक. ताईंनी रांगेचं सांगितलं, पण डाउनलोडमध्ये बोलणारा मुख्यतः राउटर एकटाच असतो. मग रांग कुठली? ती राउटरच्या पोटात. सगळ्यांची पॅकेटं एकाच ओळीत उभी असतील तर मंद माणसाची पॅकेटं पुढे अडकतात आणि मागच्यांची उशिरा निघतात. म्हणून नवीन राउटरांत 'एअरटाइम फेअरनेस' असतं, पाळीऐवजी वेळ सारखा वाटायचा. ताईंच्याच आकड्यांत सांगायचं तर वेगवान माणसाला साडेचारऐवजी १५ आणि मंद माणसाला साडेचारऐवजी पावणेतीन. लिनक्स या संगणकप्रणालीच्या वायफायमध्ये हे काम २०१७ च्या सुमारास नीट झालं. तुमच्या राउटरच्या पानावर असा पर्याय आहे का बघा.

आता माझ्या आवडीचा भाग. ठिपके किती ठेवायचे हे ठरवतं कोण? मानकाने दर कोणते ते सांगितलं, निवडायचा कसा ते सांगितलंच नाही! ते चिप बनवणाऱ्यांवर सोडलं. आणि दोन्ही टोकं आपापलं ठरवतात. राउटर तुमच्याकडे पाठवताना २५६-क्वाम वापरत असेल आणि तुमचा मोबाईल परत बोलताना क्यूपीएसके, कारण मोबाईलची ताकद कमी. म्हणून कांड्या पूर्ण दिसतात आणि तरी फोटो वर चढत नाही.

पहिली प्रसिद्ध पद्धत १९९७ ची, एआरएफ. सरळ शाळामास्तरी: लागोपाठ १० पॅकेटं पोहोचली की वरच्या वर्गात, लागोपाठ २ हुकली की खालच्या. अडचण अशी, की सगळं स्थिर असलं तरी ती दर १० पॅकेटांनी वर जाऊन आपटून येते. २००५ मध्ये एमआयटीत जॉन बिकेटने सॅम्पलरेट मांडली. ती हुकलेली पॅकेटं मोजत नाही, एक पॅकेट पोहोचवायला सरासरी किती वेळ लागतो ते मोजते. लिनक्समधली मिन्स्ट्रेल त्याच वळणाची. साधारण दहावा हिस्सा पॅकेटं इतर दरांची चाचपणी करायला वापरायची आणि ज्याचा पदरात पडणारा वेग जास्त तो दर ठेवायचा.

त्यातली गंमत बघा. ५४ चा दर ७० टक्के वेळा यशस्वी होतो, ३६ चा ९५ टक्के. कोणता निवडाल? आपला हात ३६ कडे जातो, सुरक्षित म्हणून. पण ५४ चे ७० टक्के म्हणजे ३७.८ आणि ३६ चे ९५ टक्के म्हणजे ३४.२. तीस टक्के पॅकेटं फुकट घालवूनही ५४ चाच फायदा. यशाचं प्रमाण ४० टक्क्यांवर आलं की मात्र २१.६, तेव्हा खाली उतरायचं. (गणित ढोबळ आहे, पुन्हा पाठवायचा खर्च धरलेला नाही.)

आणि खरी डोकेदुखी: पॅकेट हुकलं ते सिग्नल कमी होता म्हणून, की दोघं एकदम बोलले म्हणून? पाठवणाऱ्याला कळत नाही, त्याला फक्त पोच आली नाही एवढंच दिसतं. टक्कर झाली असताना दर खाली आणला तर पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं, टकरी आणखी वाढतात, दर आणखी खाली. तुमच्याकडे संध्याकाळी ३४ जणांत हे होत असणार. २००६ च्या सुमाराच्या कारा आणि आरआरएए या पद्धती अशा वेळी आधी 'बोलू का?' असा छोटा संदेश पाठवून बघतात. तो पोहोचला आणि मोठं पॅकेट तरी हुकलं, तर दोष सिग्नलचा.

तारवाला | बुधवार, सकाळी ८:४५

वाचलं. निम्मं कळलं. रिपीटरला एवढा विरोध का ते कोणीच सांगितलं नाही. आमची गिऱ्हाइकं खूश असतात.

सर्किटबाई | बुधवार, सकाळी ११:१०

घरात दोन माणसं असतील तर खूश राहतील, तारवाले भाऊ. साधा रिपीटर ऐकलेलं पॅकेट त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. म्हणजे प्रत्येक हंडा त्याच नळावर दोनदा भरायचा. ६.५ चा दर ६५ झाला तर दोनदा भरूनही फायदाच, हे मान्य. पण ३४ जणांच्या जागेत वेळेचीच टंचाई आहे. वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) वेगळ्या चॅनलवर ठेवला तर नळच दुसरा मिळतो.

ओसरीवाले, तोवर फुकटात होण्यासारखं सांगते.

२.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ करा, ४० असेल तर. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच. आणि खालचे दर बंद करा, १, २, ५.५, ११. हे महत्त्वाचं, कारण राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाळी घालतो आणि ती बहुधा सगळ्यात खालच्या दराने. २५० बाइटची हाळी १ एमबीपीएसने म्हणजे २ मिलिसेकंदांहून जास्त, म्हणजे हवेतला २ टक्के वेळ. तुमच्या गल्लीत त्याच चॅनलवर दहा राउटर असतील तर कोणी काही न बघता वीस टक्के वेळ नुसत्या हाळ्यांत गेला. ६ एमबीपीएसने तीच हाळी ०.३६ मिलिसेकंदात होते.

दिंडोरीचा_बागायतदार | बुधवार, रात्री ८:३०

जरा वेगळं विचारतो, धागा भरकटवतोय असं वाटलं तर सांगा. घरापासून द्राक्षबागेतल्या पॅकहाउसपर्यंत ६०० मीटर वायफायची लिंक टाकलीय, ५ गिगाहर्ट्‌झ, दोन्हीकडे छोट्या डिश. ऑक्टोबर छाटणीनंतर बसवली तेव्हा पान २५६-क्वाम दाखवत होतं. आता पाहतो तर १६-क्वाम, कधी क्यूपीएसके. डिश हललेली नाही. आता ऐन काढणीत खरेदीदाराला फोटो पाठवायचे तर मोबाईल घेऊन बांधावर जावं लागतं.

सिग्नल_शोधक | बुधवार, रात्री ९:१५

काका, डिश जमिनीपासून किती उंच? आणि मधे मांडव आहे का?

दिंडोरीचा_बागायतदार | बुधवार, रात्री ९:२८

पाइप १० फुटी. मधे आपलीच बाग. पण समोरची डिश डोळ्यांना स्वच्छ दिसते हो.

सिग्नल_शोधक | बुधवार, रात्री १०:०५

सापडलं, काका! डोळ्यांना दिसणं पुरत नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधे काकडीसारखी फुगते. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.५ गिगाहर्ट्‌झला ६०० मीटरच्या मध्यावर त्याची त्रिज्या पावणेतीन मीटरच्या थोडी वर येते आणि निदान ६० टक्के, म्हणजे पावणेदोन मीटर मोकळं लागतं. छाटणीनंतर बाग उघडी होती, नुसत्या काड्या. आता मांडवावर पानांचं छत आलं, शेंडे धरून समजा सव्वादोन मीटर. तुमची डिश तीन मीटरवर. मधे पाऊण मीटरच उरलं. पानांत पाणी असतं, ते लहर खातं. सकाळी दवात जास्त वाईट होत असेल बघा.

आणि वारा सुटला की दर सारखा वरखाली होत असेल. पानं हलली की चित्र बदलतं, आणि दर निवडणारी पद्धत मागच्या अंदाजावर चाललेली असते. ५ गिगाहर्ट्‌झची अर्धी तरंगलांबी पावणेतीन सेंटिमीटर. चालत्या माणसाच्या वेगानेसुद्धा २५-३० मिलिसेकंदांत सगळं बदलतं.

दिंडोरीचा_बागायतदार | बुधवार, रात्री १०:२०

दवाचं अगदी खरं आहे. सकाळी दहापर्यंत लिंक झोपलेली असते. बसवणारा म्हणाला होता, राउटरमध्ये बिघाड आहे, नवीन घ्या. आधी पाइप वाढवतो.

वाचनमात्र | गुरुवार, सकाळी १०:००

अजून एक बाळबोध प्रश्न. ४८ लहरी आहेत, तर त्यातल्या चांगल्या लहरींवर जास्त ठिपके आणि वाईटांवर कमी, असं का करत नाहीत?

सिग्नल_शोधक | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, हा प्रश्न बाळबोध असेल तर माझा प्रबंधही बाळबोध! तांब्याच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडला, एडीएसएलला, हे जमायचं. तिथे ४.३१२५ किलोहर्ट्‌झच्या प्रत्येक सुराला वेगळे बिट, १५ पर्यंत. तार जमिनीत गाडलेली असते, तिचा स्वभाव तासन्‌तास बदलत नाही, एकदा मोजलं की पुरतं. हवेत तुम्ही कूस बदललीत तरी मोजमाप शिळं. प्रत्येक लहरीचा निरोप परत पाठवण्यातच वाचवलेला वेळ जातो. म्हणून वायफायमध्ये एका माणसाच्या सगळ्या लहरींना एकच मॉड्युलेशन.

वायफाय ६ ने मधला मार्ग काढला. चॅनलचे तुकडे करून वेगवेगळ्या माणसांना एकाच वेळी द्यायचे, २० मेगाहर्ट्‌झमध्ये नऊपर्यंत, आणि प्रत्येक तुकड्याला त्या माणसापुरतं मॉड्युलेशन. म्हणजे चंबूवाली एका बारीक तोटीवर भरत बसली तरी बाकीच्या तोट्या चालू. पण मोबाईलही तेवढा नवा हवा.

या कल्पनेचं वय मात्र मोठं आहे. चॅनल बघून प्रसारण बदलायचं हे हेझ नावाच्या संशोधकाने १९६८ मध्ये लिहिलं होतं. गोल्डस्मिथ आणि चुआ यांचा १९९७ चा शोधनिबंध आमच्याकडे सगळ्यांना वाचावाच लागतो.

ओसरीवाला | शुक्रवार, रात्री १०:१५

अहवाल देतो. आधी फजिती.

परवा ताईंनी सांगितल्याप्रमाणे खालचे दर बंद केले, रुंदी २० केली, नावं वेगळी केली. ओसरीतले सहा मोबाईल खरंच २.४ ला चिकटलेले निघाले, सिग्नल_शोधकचा अंदाज बरोबर. त्यांना ५ वर पाठवलं. संध्याकाळी ओसरीत एकही तक्रार नाही. मी खूश.

काल सकाळी बघतो तर हजेरीचं अंगठ्याचं मशीन मेलेलं. ३४ पोरांची हजेरी वहीवर. आणि रात्री कळलं की आतला तो मुलगा कालपासून जिन्यात बसून अभ्यास करतोय, कारण आत नेट लागतच नाही. मला सांगायलाही आला नाही. थंडी कसली आहे बघताय ना?

तारवाला | शुक्रवार, रात्री १०:४०

मशीन जुन्या बी मानकाचं असणार, त्याला ११ च्या वरचं काही येतच नाही. असे प्रकार आम्ही रोज बघतो, म्हणून आम्ही दर बंद करत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, ताई.

सर्किटबाई | शुक्रवार, रात्री ११:००

मान्य. विचारायला हवं होतं, माझं चुकलं. आणि मुलाचंही. १, २, ५.५ आणि ११ गेले तरी ६.५ राहायला हवा होता. पण उणे ८० ला तो काठावरच होता, त्याला ११ बी चे जुने दर तारत असणार. ते दर चालतात गोगलगायीसारखे, पण पोहोचतात लांब. नेटवर्कची सरासरी सुधारली आणि एक माणूस जिन्यात गेला. आलेखात तो माणूस दिसत नाही.

दुसरा ॲक्सेस पॉइंट आजच बघा.

तारवाला | शुक्रवार, रात्री ११:२५

वायर मी ओढून देतो, नाशकातच आहे. भिंतीला भोक पाडू नका, दोन फूट दगड-मातीत ड्रिलचं पातं अडकून बसतं आणि वर माती गळत राहते. वाड्यात माळ्यावरून ओसरीतून आत जायला तुळईशेजारी फट असतेच. तिथून कॅट-सिक्स केबल घेऊ. मजुरी नको, चहा पाजा.

बिनधास्त_नाशिककर | शनिवार, सकाळी ९:००

चहा? मिसळ खाऊ घाला त्यांना. आणि ३०० च्या प्लॅनचे पैसे वाचले ते माझ्यामुळे, ह.घ्या.

ओसरीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

काम झालं. तारवाले दादा रविवारी आले, दोन तासांत वायर आत. फट होतीच, तिच्यात आजोबांची हरवलेली अडकित्ताही सापडली. आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट चॅनल ११ वर, ओसरीतला १ वर. आतल्याची शक्ती दादांनी मुद्दाम कमी ठेवली, नाहीतर माजघरातले मोबाईल दोघांत घुटमळतात म्हणाले. हजेरीच्या मशीनसाठी ओसरीतल्या २.४ वर ११ चा दर परत सुरू केला, १ आणि २ बंदच. ५.५ चं ताईंना विचारून ठरवू.

आकडे: मुलाचा सिग्नल उणे ८० होता, आता उणे ४४. लिंकचा दर ६.५ चा ७२. त्याच जुन्या मोबाईलवर वेग ४१. संध्याकाळी ७ ला ओसरीतल्या २.४ चा चॅनल-वापर पूर्वी ९० टक्क्यांच्या वर असायचा, आज ३५-४०. प्लॅन तोच, १०० चाच.

आज तो मुलगा फी भरायला आला तेव्हा विचारत होता, आत नेट चांगलं झालं म्हणजे तिथली फी आता बाहेरएवढी होणार का. नाही म्हटलं.

सर्किटबाई | मंगळवार, रात्री १०:०५

५.५ बंद करा.

दिंडोरीचा_बागायतदार | पुढचा रविवार, दुपारी ४:१०

धागा वर काढतोय. दोन्हीकडे पाइप १८ फूट केले, ताण दिले. दुपारी २५६-क्वाम परत आलं, सकाळी दवातसुद्धा ६४ च्या खाली जात नाही. पण आता एक नवीनच: रोज साडेपाच-सहाच्या सुमारास दहा मिनिटं एकदम १६ वर येतं आणि आपोआप सुधारतं. वारा नाही, दव नाही.

सिग्नल_शोधक | रविवार, दुपारी ४:४०

काका, त्या वेळी मधल्या रस्त्यावरून काय जातं?

दिंडोरीचा_बागायतदार | रविवार, संध्याकाळी ६:०२

आत्ता बघून आलो. क्रेट भरलेले दोन ट्रक पॅकहाउससमोर वजनाला उभे राहतात. बरोबर डिशच्या पुढ्यात.